रंग नको म्हणणारा रंगारी

निळ्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची ती एकटी त्याची आक्का, आणि तीही फक्त रागावली की. बाकी सगळ्यांना तो निळ्याच. काम सूत रंगवायचं. दोन्ही हात कोपरापर्यंत निळसर, आणि बोटं तर अशी की बँकेत अंगठा उठवायची वेळ आली की समोरचा माणूस शाईचा डबा उघडता उघडता थांबायचा. म्हणायचा, "तुम्हाला कशाला हो शाई, नुसता टेकवा."

घराच्या मागं पत्र्याची शेड. आत तीन हौद, एक मोठी भट्टी, भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठ्या आणि वर आडव्या बांबूंवर टांगलेल्या सुताच्या ओल्या लड्या. वाफ एवढी की दोन हातांवरचं माणूस धड दिसायचं नाही, म्हणून तिथं सगळे ओरडूनच बोलायचे, आणि घरात आले तरी त्यांचा आवाज काही खाली यायचा नाही. आक्का लड्या धुवायची. बायको पिळून वाळत घालायची आणि गिऱ्हाईक सांभाळायची. निळ्या फक्त रंग करायचा. कुणी फाटक्या बाहीचा तुकडा आणून दिला की डोळे बारीक करून बघायचा, चिमूटभर हे, चिमूटभर ते हौदात टाकायचा, आणि लडी वर काढली की तुकडा कुठला नि लडी कुठली, ओळखू यायचं नाही. वाळलेली लडी भिजवून पांढऱ्या फडक्यात पिळायची. फडकं पांढरं राहिलं तरच माल बाहेर. पक्का रंग म्हणजे निळ्याचा, असं नावच होतं.

तर माणूस असा कामाचा. पण अंगानं सदा काहीतरी कुरबुर. वर्षानुवर्षं त्याला तोंड यायचं. जिभेखाली, गालाच्या आत, ओठाला, पांढरे पांढरे फोड. बरे व्हायचे आणि पुन्हा यायचे. तिखट बंद, गरम बंद. बायको त्याच्यापुढं गार दुधाचा पेला आपटून म्हणायची, "घ्या, चाळिशीतलं तान्हं बाळ माझं." मग एकदा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, वाफेमुळं. थेंब दिले. मग गेल्या वर्षी डावा पाय सुजून खांबासारखा झाला. पायाच्या डॉक्टरांनी पायावर थंड चिकट काहीतरी चोपडून यंत्र फिरवलं, म्हणाले शिरेत रक्ताची गुठळी झालीय, दिवसभर उभं राहण्यानं झाली असेल. रक्त पातळ करायची गोळी चालू झाली. तोंडाचं विचारलं तर ते म्हणाले, रंगाचे हात तोंडाला लावत असाल.

निळ्याचं डोकं चक्रावून जायचं. डोळ्याला वाफ, पायाला उभं राहणं, तोंडाला हात. म्हणजे सगळ्याला कामच कारण? मग आक्काला का नाही होत? ती तर त्याच्या आधीपासून त्या शेडमध्ये उभी होती, आणि तिचा पाय असा की रागानं आपटला तर पत्रा वाजायचा.

एक दिवस लाल लड्यांचं काम चाललं होतं. निळ्या पांढरं फडकं घेऊन लडी पिळत होता, तेवढ्यात त्याला ठसका लागला. फडकं तोंडाला लावलं. खाली घेतलं तर त्यावर लाल डाग.

"कच्चा निघाला वाटतं रंग," तो म्हणाला.

आक्कानं फडकं ओढून घेतलं, उजेडात धरलं, बादलीत बुडवलं. डाग पसरला आणि कडेनं तपकिरी झाला. तिनं ते बराच वेळ न्याहाळलं.

"हा आपला लाल नाही रे," ती म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती शेडमध्ये हळू आवाजात बोलली.

मग दवाखाना. छातीच्या डॉक्टरांनी एक साधा फोटो काढला. काळ्या फिल्मवर हृदयाच्या उजव्या अंगाला, फुप्फुसाच्या मुळाशी, एक गोल सावली होती. थुंकी तपासली, त्यात काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "याच्यावरून कळत नाही. मोठ्या मशीनमध्ये फोटो काढू, शिरेतून रंग घालून. रंगानं रक्ताच्या नळ्या उजळून निघतात."

झालं. निळ्यानं तेवढाच एक शब्द ऐकला. रंग.

मशीनच्या खोलीबाहेर लांबलचक बाक होता. त्यावर बसून निळ्या हिशेब करू लागला, त्याच्या पद्धतीचा. रंग पक्का बसायला काय लागतं? मीठ लागतं आणि ऊब लागते. रक्त खारट असतं, तोंडात आलं तेव्हा चव कळलीच होती. आणि अंगात ऊब तर आहेच. म्हणजे हौदात जे आपण करतो तेच हे लोक माझ्या अंगात करणार. आणि एकदा बसलेला रंग काढणं म्हणजे सूत जाळणं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? बाहेरून हात निळे झाले ते चाललं. आतून माणूस रंगला तर त्याला कुठल्या पाण्यात खळबळायचं?

हे कुणाला विचारावं तर लाज वाटे. विचारलं तर हसतील. नाही विचारलं तर रंगवून मोकळे होतील.

बाकावर शेजारी एक बाई आपल्या सासूची गोष्ट सांगत होती. सासूला म्हणे असाच रंग घातला, तर अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास कोंडला, डॉक्टरांची धावपळ झाली. "वाचल्या," बाई म्हणाली, आणि ते सांगताना तिला फारसा आनंद झालेला दिसला नाही.

थोड्या वेळानं आतून बोलावलं. मशीन चालवणाऱ्या मुलीनं विचारलं, "याआधी कधी असा रंग घातला होता का? काही त्रास?"

निळ्यानं दाराबाहेरच्या बाकाकडे एकदा बघितलं. आणि म्हणाला, "हो. घातला होता. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास कोंडला. धावपळ झाली."

मुलीचा चेहराच बदलला. तिनं त्याच्या फाईलवर लाल पट्टी चिकटवली, मनगटातही एक लाल पट्टा बांधला. म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. रंगाशिवाय काढू."

निळ्या सुटला. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं, ती बाहेर होती. तो लाल पट्टा बघून तिनं विचारलं, "हे काय?" तर म्हणाला, "इथं सगळ्यांनाच बांधतात." तिनं बाकावरच्या माणसांची मनगटं एकेक करून बघितली.

रंगाशिवायच्या फोटोत काय दिसलं? तर एक गोळा. करड्यात करडा. फुप्फुसाच्या मुळाशी, मोठ्या शिरेला चिकटून. छातीचे डॉक्टर पडद्यावर बोट फिरवत म्हणाले, "गाठ असू शकते. साधी असेल, नाहीतर वाईट असेल. रंग चालत नाही म्हणता, मग दुसरा इलाज नाही. बाहेरून लांब सुई घालून आतला तुकडा काढायचा आणि तपासायचा. तोवर रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवा."

घरी सगळ्यांचा नुसता गोंधळ. गोळी घे म्हणून एका डॉक्टरांनी बजावलेलं, आणि दुसऱ्यांनी सांगितलं बंद. "गोळी बंद केली तर पायात पुन्हा गुठळी होईल," बायको म्हणाली. "आणि चालू ठेवली तर सुईच्या भोकातून रक्त जाईल," आक्का म्हणाली. "मग पाय आणि छाती यांनी आपसात ठरवावं काय ते." निळ्या गार दूध पीत बसला. त्याला वाटे, आपण एक माणूस नाहीच. डोळा एकाचा, पाय दुसऱ्याचा, तोंड तिसऱ्याचं, आणि सगळ्यांचं गाठोडं बांधून कुणीतरी आपल्या नावावर चढवलंय. आता त्यात हा गोळा. तो कुणाचा?

आक्का रोज एकच विचारायची, "गोळा म्हणजे केवढा?" तो कधी लिंबाएवढा सांगायचा, कधी सुपारीएवढा. त्याला खरंच आठवत नव्हतं.

सुईच्या दिवशी तिघंही गेले. उपाशीपोटी बोलावलं होतं. निळ्याला मशीनच्या फळीवर झोपवलं, अंगात पाठीमागून मोकळा झगा. ट्रेमध्ये हिरव्या कापडावर सुई होती. लांब. त्यानं एकदा पाहिली आणि मग छताकडे बघायला लागला. छताला एक ओल आलेला डाग होता. फिकट पिवळ्यात थोडी राख घातली तर असा होईल, असं त्याच्या मनात आलं.

सुई घालायला छातीचे डॉक्टर नव्हते, फोटोच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "औषधांची कसली अॅलर्जी?"

निळ्याच्या आधी दारातून बायकोच बोलली. "अॅलर्जी? सगळ्याचीच आहे हो त्यांना. तिखट चालत नाही, गरम चालत नाही, वर्षातले निम्मे दिवस तोंडात फोड. मध्ये डोळा लाल झाला, उजेडात येईनात, मी म्हटलं आता घुबडाशी संसार. मग पाय सुजला. आता हे. एकाच माणसाला कितीदा दुरुस्त करायचं?"

बाई हातमोजे चढवत होत्या. एक हात मोज्यात, एक बाहेर, तशाच थांबल्या.

"तोंडात फोड? किती दिवसांपासून?"

"लग्न झाल्यापासून बघतेय."

"आणि," बाई जरा पुढं आल्या, आवाज खाली आणला, "खाली? लघवीच्या जागी कधी फोड?"

निळ्याच्या कानापर्यंत लाली आली. त्यानं छतावरच्या डागावर डोळे रोवले.

"तिथंही," बायको म्हणाली. "ते म्हणाले कुणाला सांगू नको."

"आणि आत्ता सांगितलंस," निळ्या म्हणाला.

"डॉक्टरांना सांगितलं, गल्लीत नाही."

बाईंनी मोजा काढून टाकला. पडद्यापाशी गेल्या, जुना फोटो पुढं मागं फिरवत राहिल्या. तो करडा गोळा मोठा व्हायचा, लहान व्हायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा यायचा. मग त्यांनी फोन लावला. समोर छातीचे डॉक्टर असावेत. "नाही, मी सुई घालत नाही... गोल आहे, कडा गुळगुळीत आहे, शिरेला चिकटून आहे... हो, पण तोंडाचे फोड, डोळा, पायातली गुठळी, हे सगळं एकत्र धरून बघा ना... मला वाटतं गाठ नाहीच ही. शीर फुगलीय... खात्री कशी देऊ? रंग घातल्याशिवाय कशी देऊ? ...हो, लाल पट्टी आहे. घसा आवळला होता म्हणे."

फोन ठेवून त्या निळ्याजवळ स्टूल ओढून बसल्या. त्यांनी सगळं सरळ सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं.

"हे बघा. तिथं जे आहे ते एक तर गाठ आहे, नाहीतर रक्तानं भरलेला फुगा. दोन्ही या फोटोत सारखेच दिसतात. गाठ असेल तर सुई घालायलाच हवी. फुगा असेल आणि मी सुई घातली, तर तुम्ही या फळीवरून उठणार नाही. रंग घातला तर एका मिनिटात कळेल, पण तुमचा घसा आवळतो. दुसऱ्या तऱ्हेचं मशीन आहे, रंगाशिवाय चालेल असं, पण ते इथं नाही. तिथं नंबर लागेपर्यंत दिवस जातील, आणि तुम्ही रक्त खोकताय. मला काही सुचत नाहीये, म्हणून तुम्हाला सांगतेय."

निळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. शिकलेली, पांढऱ्या कोटातली बाई म्हणतेय मला सुचत नाही. आणि का सुचत नाही? तर त्यानं ऐकीव घसा आवळून घेतला म्हणून. तिघीही त्याच्याकडे बघत होत्या, आक्का, बायको, डॉक्टरीणबाई, आणि तिघींनाही वाटत होतं की अडचण त्या मशीनची आहे. खरी अडचण कुठं आहे ते त्याला एकट्याला ठाऊक. सांगावं तर रंग आत जाणार, कायमचा. न सांगावं तर सुई. नाहीतर तो फुगा आपणहूनच फुटणार.

त्याला आठवेना की तो रंगाला घाबरला होता की हसण्याला.

"बाई," तो म्हणाला, "तो घसा माझा नव्हता."

"काय?"

"आवळलेला घसा. माझा नव्हता."

"मग कुणाचा?"

"बाकावर एक बाई बसली होती. तिच्या सासूचा."

मग बायको हळूहळू फळीपाशी आली. "मला वाटलं लग्नाआधीचं काही असेल. म्हणजे तुम्हाला यापूर्वी कधी रंग घातलाच नव्हता?"

"नाही."

"आणि तुम्ही दुसऱ्याच्या सासूचं दुखणं आपल्या नावावर लिहून घेतलंत?"

"मला वाटलं, पक्का बसेल," निळ्या म्हणाला. "रक्त खारट असतं. अंग गरम असतं. बसला की निघत नाही. मी आयुष्यभर तेच करतोय, मला नाही कळणार?"

डॉक्टरीणबाईंना हसू येत होतं की राग, तेही त्याला कळेना. त्यांनी विचारलं, "आता तरी खरं बोलताय ना?"

"आता खोटं बोलले," बायको म्हणाली, "तर ती सुई माझ्याकडे द्या."

तरीही बाईंनी सगळी तयारी जवळ ठेवली, घशाची औषधं, ऑक्सिजनची नळी. मशीन चालवणारी तीच मुलगी आली, तिनं त्याच्या हातातला लाल पट्टा कात्रीनं कापला आणि त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मान फिरवली. मग तिनं रंगाची नळी आणली, आणि निळ्या उठून बसायलाच लागला.

"हे काय आहे?"

"रंग."

"हे पाणी आहे."

"रंगच आहे काका."

"अगं मी रंगारी आहे! याला कुठं रंग आहे? ना लाल, ना निळा, ना काळा. तुम्ही मला फसवताय."

"मशीनला दिसतो तो," मुलगी म्हणाली. "आपल्याला नाही."

आता बघा. ज्या माणसाला इतके दिवस रंग नको होता, तो आता रंग का नाही म्हणून भांडायला लागला. आक्का दारातून ओरडली, "झोप गुपचूप!" शेडमधल्या आवाजात ओरडली. तेव्हा झोपला.

ते पाणी आत गेलं आणि त्याला हातापासून ऊब चढली, गळ्यात, छातीत, पोटात, आणि मग खाली, अशी की त्याला वाटलं आपण फळीवरच लघवी केली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माइकमधून आवाज आला, "तसं वाटतं, पण झालेली नसते. श्वास घ्या. धरा." त्यानं श्वास धरला. फळी पुढं सरकली, मागं आली. घसा काही आवळला नाही. उलट त्याला जरा शंकाच आली, की आवळायला हवा होता की काय.

बाईंनी नंतर तिघांना पडद्यापाशी उभं केलं. हृदयातून निघणारी मोठी शीर चुन्यासारखी पांढरीशुभ्र झाली होती. आणि तिला चिकटलेला तो गोळा, जो आधी करडा होता, तोही तसाच पांढरा. तंतोतंत तोच पांढरा. निळ्या पुढं वाकला. दोन छटा एक आहेत की नाहीत हे बघणं तर त्याचं रोजचंच काम. त्यानं डोळे बारीक केले, मान तिरकी केली.

"एकच आहे," तो म्हणाला. "एकाच हौदातलं आहे."

"एकच आहे," बाई म्हणाल्या. "गोळ्यात रक्तच आहे. शीर फुगून फुगा झालाय. डाव्या बाजूलाही एक लहानसा आहे, बघा. सुई घातली असती तर..." आणि त्यांनी ते वाक्य तिथंच सोडलं. ट्रेवरचं हिरवं कापड त्यांनी स्वतः ओढून झाकलं.

मग छातीचे डॉक्टर आले, आणखी एक मोठे डॉक्टर आले, सांध्यांचे आणि अंगभर सूज धरणाऱ्या रोगांचे. सगळ्यांनी पडद्यापाशी गर्दी केली. त्या मोठ्या डॉक्टरांनी निळ्याचं तोंड उघडून फोड बघितले, पाय दाबून बघितला, आणि एका रोगाचं नाव सांगितलं, बेहसेट. म्हणाले, "यात शरीर आपल्याच नळ्यांवर उलटतं. नळीची भिंत सुजते. कुठं गुठळी होते, कुठं भिंत मऊ पडून फुगते. तोंड, डोळा, पाय, छाती, हे चार रोग नाहीत. एकच आहे."

"एकच?" निळ्या म्हणाला.

"एकच."

याचा आनंद मानायचा की दुःख, त्याला ठरवता येईना. चार होते ते एक झाले, म्हणजे कमी झालं? की चारही मिळून एक मोठा झाला? बायकोनं विचारलं, "मग पायाची गोळी परत चालू करायची ना?" तर डॉक्टर म्हणाले, नाही. फुगा असताना रक्त पातळ करणं धोक्याचं. ऑपरेशनही नको. आता सूज उतरवायची, भिंत शांत करायची. त्यासाठी शिरेतून जोरदार औषधं, आजच दाखल. इथं बायकोनं हातच टेकले. म्हणजे पायात गुठळी असूनही गुठळीचं औषध नको, आणि छातीत फुगा असूनही छाती उघडायची नाही. "तुम्ही सांगाल तसं," ती म्हणाली, "फक्त एकदा सांगाल ते उद्या बदलू नका."

"बदलणार," डॉक्टर म्हणाले. "फोटोत फरक पडेल तसं बदलणार."

दाखल झाल्यावर निळ्याला खूप पाणी प्यायला सांगितलं, रंग लघवीवाटे निघून जाईल म्हणून. तो संडासात जाऊन बारकाईनं बघून यायचा. एकदा त्यानं नर्सला गाठून हळूच विचारलं, "तो रंग बाहेर आलाच नाही. आतच बसला बहुतेक. लघवी साधीच होते."

"आत गेला तेव्हा दिसला होता का?" नर्सनं विचारलं.

"नाही."

"मग येताना कसा दिसेल?"

यावर तो दुपारभर विचार करत पडला. तिचं म्हणणं चूक नव्हतं. पण पटतही नव्हतं.

बायको दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. डबा आणायची, ठेवायची, जायची. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "भीती वाटत होती तर मला सांगायचं. हसले असते मी. पोट धरून हसले असते. आणि मग तुमचा हात धरून आत आले असते."

"हसण्याचीच भीती होती," तो म्हणाला.

"आता काय कमी हसणार आहे?" आणि तिला खरंच हसू फुटलं, आणि मग हसता हसता तिचे डोळे भरले, आणि निळ्याला कळेना की आता आपण काय करायचं असतं. त्यानं पाण्याचा पेला पुढं केला. तिनं तो घेतला आणि म्हणाली, "हे मला कशाला? तुम्हाला प्यायचंय ना?"

औषधांनी चेहरा सुजला, भूक अशी लागायला लागली की आक्का म्हणायची, "याला आजार झालाय की दोन माणसं झालीत?" पण रक्त पडायचं थांबलं. तोंडातले फोडही कमी झाले. दर काही आठवड्यांनी रंगाचा फोटो व्हायचा. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यातला पांढरा फुगा मोठा होता. दुसऱ्यातला त्याच्या निम्म्याहून कमी, आणि त्याच्या आत कडेनं करडी साय धरलेली. "ही जुनी गुठळी," बाई म्हणाल्या. "इथं ती असलेली चालते. डावीकडचा तर दिसतच नाही."

"म्हणजे मी बरा झालो?"

"फुगा बसत चाललाय. रोग गेला नाही, झोपलाय. औषधं घेत राहायची, फोटो काढत राहायचे."

"मग मी बरा आहे की आजारी आहे?"

बाईंनी एकदा पहिल्या फोटोकडे बघितलं, एकदा दुसऱ्याकडे. "दोन्ही," त्या म्हणाल्या.

तो बाहेर आला. बाकावर बायको आणि आक्का बसल्या होत्या, दोघी एकदमच उठल्या.

"काय म्हणाल्या?"

"दोन्ही म्हणाल्या."

"दोन्ही म्हणजे?" आक्का म्हणाली. "दोन्ही कसं असेल?"

"निम्मा बसलाय म्हणे. आतून गुठळी आलीय, पण ती चांगली. पायातली वाईट होती, ही चांगली."

"गुठळी चांगली?"

"असं म्हणाल्या."

"सुई?" बायकोनं विचारलं. तिला तेवढंच ऐकायचं होतं.

"नको म्हणाल्या."

"रक्त पडलं नाही ना, तेही सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग चला," ती म्हणाली. "बाकीचं वाटेत समजून घेऊ."

आणि ते चालायला लागले. निळ्या मध्ये, दोघी दोन्ही बाजूंना. तो हवेत बोटानं फुगा काढून दाखवत होता, एवढा होता, आता एवढा झाला, आणि दर वेळी त्याचं माप वेगळंच यायचं. आक्का म्हणायची, "मघाशी तर मोठा दाखवलास." तो पुन्हा काढायचा. बायको नुसती ऐकत होती. मोठ्या रस्त्यापर्यंत आले तरी तो फुगा नेमका केवढा, ते काही तिघांचं जुळलं नव्हतं.